विश्लेषण : अवजड वाहनचालकाला सायकलस्वार का दिसत नाही? लंडनच्या ‘तारांकित’ नियमातून पुण्या-मुंबईने काय घ्यावे?

सिग्नलला थांबलेल्या डंपरच्या डाव्या बाजूने एक सायकलस्वार पुढे सरकतो. दिवा हिरवा होतो, डंपर डावीकडे वळतो आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत सगळे संपते. ‘मला तो दिसलाच नाही,’ असे चालक सांगतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. मग चर्चा सुरू होते ती सायकलस्वाराने हेल्मेट घातले होते का, तो मध्येच का घुसला आणि चालक दारू प्यायला होता का याची. ज्या वाहनातून माणूस दिसतच नाही, ते वाहन भर गर्दीच्या रस्त्यावर आलेच कसे, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. लंडनने तो विचारला आणि गेल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे उत्तर नियमांत उतरवले. त्यातला बराचसा भाग आपल्याकडेही लागू होऊ शकतो. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे अपघाताची भूमितीही तीच आहे.

अपघात नेमका होतो कसा?

अवजड वाहनाच्या चालकाचे आसन जमिनीपासून बरेच उंच असते. खिडकीची खालची कडा त्याहून थोडीच खाली असते. त्यामुळे केबिनच्या अगदी समोरचा आणि डाव्या दारालगतचा बराचसा भाग चालकाला काचेतून दिसत नाही. या भागाला ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके अनेकदा या कडेच्या खालीच राहते. चालक उजव्या बाजूला बसत असल्याने डावी बाजू त्याच्यापासून सर्वात लांब आणि सर्वात अंधारी असते.

दुसरे कारण वाहनाच्या लांबीत आहे. लांब वाहन वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून कापत जातात. म्हणून चालक डावीकडे वळण्याआधी वाहन थोडे उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्याला वाटते, गाडी सरळ किंवा उजवीकडे चालली आहे. डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि तो तिथे शिरतो. काही क्षणांत ती जागा बंद होते. पुढच्या कोपऱ्याचा धक्का लागून सायकलस्वार पडतो आणि पुढची व मागची चाके यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून थेट मागच्या चाकांखाली जातो. वेग अगदी कमी असतो, तरी जीव जातो. कारण इथे मारतो तो वेग नसून वजन असते. अशा वेळी हेल्मेटचा फारसा उपयोग होत नाही.

लंडनला जाग कधी आली?

नोव्हेंबर २०११ मध्ये ‘द टाइम्स’ या दैनिकातील एका तरुण महिला पत्रकाराला कार्यालयाजवळच मालमोटारीने धडक दिली आणि तिला कायमची गंभीर इजा झाली. त्यानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये या दैनिकाने सायकलस्वारांसाठी सुरक्षित शहरांची मोहीम सुरू केली. अवजड वाहनांना सेन्सर, जादा आरसे आणि बाजूच्या संरक्षक पट्ट्या बसवाव्यात, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत शहरात सहा सायकलस्वार मरण पावले. त्या सगळ्याच घटना मालमोटारींच्या नव्हत्या, पण लोकांचा संताप उफाळून आला.

आकडेवारीही बोलकी होती. लंडनची वाहतूक सांभाळणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या संस्थेनुसार, २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत शहरातील एकूण वाहन-अंतरात अवजड वाहनांचा वाटा होता केवळ ४ टक्के. मात्र सायकलस्वारांच्या मृत्यूंपैकी ५८ टक्के घटनांमध्ये ही वाहने होती. म्हणजे समस्या ‘बेशिस्त वाहतूक’ अशी सर्वदूर पसरलेली नव्हती. ती एका विशिष्ट प्रकारच्या वाहनात एकवटलेली होती, आणि म्हणून सोडवता येण्याजोगी होती.

त्यातही बांधकामाची वाहने पुढे होती. टिपर आणि काँक्रीट मिक्सर यांची रचना खाणीतल्या खडबडीत जमिनीसाठी केलेली असते. म्हणून केबिन उंच, बंपर उंच आणि बाजू उघड्या. आयुष्याचा बहुतांश काळ मात्र ही वाहने शहरातल्या डांबरी रस्त्यांवरच धावतात. इतकेच नव्हे, तर बाजूच्या संरक्षक पट्ट्यांच्या राष्ट्रीय नियमातून अनेक बांधकाम वाहनांना सूट होती. जिथे धोका सर्वाधिक, तिथेच सवलत, असा हा प्रकार होता.

पहिला टप्पा कोणता?

१ सप्टेंबर २०१५ रोजी ‘सेफर लॉरी स्कीम’ लागू झाली. साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहनांना लंडनमध्ये येण्यासाठी दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. एक, डाव्या दारालगतचा आणि काचेसमोरचा भाग दाखवणारे जादा आरसे. दोन, पुढच्या आणि मागच्या चाकांमधली मोकळी जागा बंद करणाऱ्या संरक्षक पट्ट्या, म्हणजे साइड गार्ड. बांधकाम वाहनांना मिळणारी सूट लंडनच्या हद्दीत संपली.

साइड गार्ड हे यातले सर्वात साधे साधन. त्यात वीज नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. धडक झालीच तर पडलेला माणूस चाकांखाली ओढला जाऊ नये, बाजूला ढकलला जावा, एवढेच त्याचे काम. अपघात ते टाळत नाही, पण मृत्यू टाळू शकते.

मग ‘तारांकित’ नियमाची गरज का पडली?

कारण आरसे पुरेसे नाहीत, हे लक्षात आले. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी चालकांच्या प्रतिसादाचा अभ्यास केला. थेट काचेतून दिसणाऱ्या माणसाच्या तुलनेत आरशात दिसणाऱ्या माणसाला प्रतिसाद द्यायला चालकाला सरासरी ०.७ सेकंद जास्त लागतात, असे त्यात आढळले. ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात आणखी ४.७ मीटर पुढे जाते. चौकात पादचारी किंवा सायकलस्वार यांच्यासाठी हे अंतर जगण्या-मरण्याचे असते. शिवाय चालकाने एका वेळी किती आरशांत पाहायचे? एका आरशातून नजर दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिल्यातले चित्र बदललेले असते. थेट नजरेला नजर भिडली, तर सायकलस्वारालाही कळते की आपण चालकाला दिसलो आहोत. आरशातून हे घडत नाही.

म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी ‘डायरेक्ट व्हिजन स्टँडर्ड’ची घोषणा केली. लफबरो विद्यापीठाच्या मदतीने मोजणीची पद्धत ठरली. चालकाला आसनावरून, आरसे वा कॅमेरे न वापरता, केबिनभोवतीचा किती भाग थेट दिसतो, यानुसार प्रत्येक मॉडेलला शून्य ते पाच तारे दिले जातात. पंचतारांकित वाहनात चालक जवळपास बसच्या चालकाइतका खाली बसतो, काचा मोठ्या असतात आणि दारालाही खालपर्यंत काच असते. युरोपातील अनेक शहरांत कचरा उचलणारी वाहने अशीच असतात. म्हणजे हे तंत्रज्ञान नवे नाही. ते फक्त बांधकाम क्षेत्रात वापरले जात नव्हते.

नियमाची अंमलबजावणी कशी होते?

१२ टनांहून अधिक वजनाच्या प्रत्येक मालवाहनाला लंडनच्या बहुतांश भागात शिरण्यासाठी सुरक्षा परवाना लागतो, मग ते कोणत्याही देशात नोंदलेले असो. परवाना मोफत आहे. १ मार्च २०२१ पासून अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा किमान एक तारा आवश्यक होता. २८ ऑक्टोबर २०२४ पासून ही अट तीन ताऱ्यांवर गेली. त्यापेक्षा कमी तारे असलेले वाहन लगेच भंगारात काढावे लागत नाही. मात्र त्याला ठरावीक उपकरणांचा संच बसवावा लागतो : डाव्या बाजूला माणूस आल्यास इशारा देणारे सेन्सर, गाडी हलवताना समोर कोणी असल्यास सूचना देणारी यंत्रणा, कॅमेरा, साइड गार्ड आणि डावीकडे वळताना बाहेरच्यांना ऐकू जाईल असा आवाजी इशारा. परवाना नसेल तर ५५० पौंड दंड होतो. १४ दिवसांत भरल्यास तो निम्मा. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे तपासणी करतात, त्यामुळे रस्त्यात गाडी अडवून ‘समजून घेण्या’चा प्रश्न उद्भवत नाही.

मालवाहतूकदारांच्या संघटनांनी याला विरोध केला. उपकरणे वेळेत मिळत नाहीत, लहान व्यावसायिकांवर बोजा पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नव्हते. म्हणून २०२४च्या टप्प्यात अर्ज केलेल्यांना मे २०२५पर्यंत सवलत दिली गेली. पण तारीख पुढे ढकलताना नियम सौम्य केला गेला नाही, हे महत्त्वाचे.

याचा उपयोग झाला का?

‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’च्या माहितीनुसार, ज्या प्राणांतिक अपघातांत चालकाला न दिसणे हे एक कारण म्हणून नोंदले गेले, त्यांची संख्या २०१८ मध्ये १२ होती, २०२१ मध्ये ती ६ झाली. आकडे लहान आहेत आणि मधल्या काळात करोनामुळे वाहतूकही बदलली होती. त्यामुळे सगळे श्रेय एकाच नियमाला देणे योग्य नाही. सायकलसाठी वेगळ्या केलेल्या मार्गिका, चौकांची नवी रचना यांचाही त्यात वाटा आहे. रस्त्यावर नुसता निळा रंग फासून सायकल मार्ग तयार होत नाही, हे लंडनने आधी किंमत मोजून शिकले होते.

दिशा योग्य आहे याचा आणखी एक पुरावा म्हणजे युरोपीय संघाने उचललेली पावले. तिथे बाजूचे आणि समोरचे इशारे देणाऱ्या यंत्रणा जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या अवजड वाहनाला सक्तीच्या आहेत. थेट दृश्यमानतेची अट जानेवारी २०२६ पासून नव्या मॉडेलना आणि जानेवारी २०२९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या वाहनाला लागू होते. एका शहराचा हट्ट दशकभरात खंडाच्या नियमापर्यंत पोहोचला.

आपल्याकडे परिस्थिती काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीस्वार ७४ हजार ८९७ आणि पादचारी ३२ हजार ८२५ होते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आज सायकल चालवणारे बहुधा दोन टोकांचे असतात : पहाटे व्यायामासाठी निघणारे आणि दुसरा पर्याय नसल्याने कामावर सायकलने जाणारे. दुसऱ्या गटातला सुरक्षारक्षक, बांधकाम मजूर किंवा दूध-पेपर टाकणारा मुलगा याच्यासाठी कोणी मोहीम काढत नाही. पण डंपरच्या डाव्या बाजूचा धोका त्याला, स्कूटरवरील बाईंना आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना सारखाच आहे. म्हणून हा प्रश्न केवळ सायकलप्रेमींचा मानणे चूक ठरेल.

पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, नागपूर या सगळ्या शहरांत मेट्रो, उड्डाणपूल आणि टोलेजंग इमारतींची कामे सुरू आहेत. त्यासाठी खडी, माती, राडारोडा आणि तयार काँक्रीट वाहणारी वाहने वस्तीतल्या रस्त्यांवरून धावतात. अनेक चालकांना फेरीमागे पैसे मिळतात. प्रवेशबंदीच्या वेळा टाळायच्या असतात. मिक्सरमधले काँक्रीट साधारण दीड-दोन तासांत ओतावे लागते, त्यामुळे कोंडीत अडकलेल्या चालकावर घड्याळाचा ताण असतो. यातली एकही गोष्ट अपघातानंतरच्या गुन्ह्याच्या नोंदीत येत नाही. तिथे फक्त चालकाचे नाव असते.

नियम अजिबात नाहीत असेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणि भारतीय मानकांत मालवाहनांच्या बाजूच्या संरक्षक पट्ट्यांची तरतूद आहे. पण रस्त्यावर उभे राहून पाहिले तर गार्ड नसलेले, वाकलेले किंवा नावापुरता एक पातळ पाइप लावलेले डंपर सहज दिसतात. समोर माणूस असल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेबाबतही केंद्राने २०२३च्या अखेरीस मसुदा काढला होता. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसवणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांना सक्तीचे झाले आहे. चालकाच्या आरामाचा विचार सुरू झाला, हे चांगलेच. आता त्याच केबिनमधून त्याला काय दिसते, याचाही विचार व्हायला हवा.

क्लीनरचा मुद्दा यात कुठे बसतो?

आपल्याकडे ट्रकच्या डाव्या बाजूला आजवर एक जिवंत ‘सेन्सर’ बसत आला आहे, तो म्हणजे क्लीनर. डाव्या दारावर थाप मारून ‘येऊ दे’, ‘थांब’ सांगणारा हा माणूस चालकाचा डावा डोळा असतो. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलन आणि शहरांतील प्रवेशबंदीच्या वेळांबरोबरच क्लीनरची सक्ती रद्द करण्याचीही मागणी होती. पगार परवडत नाही, माणसे मिळत नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण शहरात फिरणाऱ्या वाहनाचा डावा डोळा काढायचा असेल, तर त्याच्या जागी काय येणार, हे आधी ठरायला हवे. क्लीनर हवा किंवा कॅमेरा, सेन्सर आणि साइड गार्ड हवेत. दोन्ही नाहीत, ही स्थिती मान्य करता येणार नाही.

राज्य आणि महापालिका काय करू शकतात?

वाहनाची रचना कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० नुसार केंद्राचा आहे, असे सांगून स्थानिक यंत्रणा अनेकदा हात झटकतात. पण लंडननेही राष्ट्रीय वाहन कायदा बदलला नव्हता. आपल्या रस्त्यावर कोणत्या वाहनाने यावे, एवढेच त्यांनी वाहतूक आदेशाद्वारे ठरवले. आपल्याकडे याच कायद्याच्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक भागात वाहनांवर बंदी वा निर्बंध घालता येतात. सकाळ-संध्याकाळची प्रवेशबंदी याच अधिकारातून येते. ‘या वेळेत येऊ नका’ असे सांगता येत असेल, तर ‘साइड गार्ड आणि आरशांशिवाय येऊ नका’ हे सांगण्याचा मार्गही शोधता येईल.

त्याहून सोपा मार्ग निविदेचा आहे. शहरातील कचरागाड्या, पाण्याचे टँकर, रस्त्यांची आणि मेट्रोची कामे यांची मोठी ग्राहक सरकारी यंत्रणाच आहे. कंत्राटात वाहनाच्या सुरक्षेची अट घालायला नवा कायदा लागत नाही. बांधकाम परवानगी देताना विकासकाकडून वाहनांचा मार्ग, वेळ आणि वाहनाची स्थिती यांची हमी घेता येते. लंडनमध्ये २०१३ पासून बांधकाम कंपन्यांनी अशीच मानके स्वीकारली. ज्याच्या प्रकल्पासाठी माल येतो, त्याने वाहनाची जबाबदारी घ्यायची, हे त्यामागचे सूत्र आहे. आपल्याकडे अपघात झाला की बिल्डर, कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि गाडीमालक यांची साखळी अशी लांबते, की शेवटी हाती लागतो तो फक्त चालक.

तंत्रज्ञान जसेच्या तसे आणावे का?

नाही. इथे थोडे थांबून विचार करायला हवा. आपल्या रस्त्यांवर डंपरच्या दोन्ही बाजूंना सतत दुचाकी असतात. साधा सेन्सर बसवला तर तो दिवसभर वाजत राहील आणि दुसऱ्या दिवशी चालक त्याची वायर काढून टाकेल. लंडननेही नव्या टप्प्यात खांब, कठडे आणि उभ्या गाड्यांसाठी खोटे इशारे न देणारीच यंत्रणा मान्य केली आहे. म्हणून आपल्याकडे क्रम असा असावा : आधी मजबूत साइड गार्ड, कारण ते गर्दीने गोंधळत नाही, मग योग्य आरसे आणि डाव्या दाराला खालची काच, त्यानंतर कॅमेरा आणि पारखलेले सेन्सर. आरटीओत पासिंगच्या वेळी गार्डची उंची आणि मजबुती प्रत्यक्ष तपासली गेली, तर मोठे काम तिथेच होईल. महापालिकांनी खरेदी करायची नवी वाहने तरी खाली बसणाऱ्या, मोठ्या काचांच्या केबिनची असावीत.

चौकांचेही काम आहे. सायकल आणि दुचाकी यांना थांबण्यासाठी सिग्नलच्या पुढे, चालकाला दिसेल अशी जागा. डावीकडे वळणाऱ्यांचा वेग कमी करणारे कोपरे. आणि पार्किंगने न गिळलेले सायकल मार्ग. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याचे कागदावरून रस्त्यावर येणे अजूनही अपुरेच आहे.

तोपर्यंत सायकलस्वाराने काय करावे?

थांबलेल्या अवजड वाहनाच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नये. जागा कितीही मोकळी दिसली तरी. मागेच थांबावे. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, हे गृहीत धरावे. लंडन पोलिसांनी सायकलस्वारांना मालमोटारीच्या केबिनमध्ये बसवून तिथून काय दिसते ते दाखवण्याचा उपक्रम राबवला. आपल्या शाळा, सायकल क्लब आणि वाहतूक पोलिसांनाही तो विनाखर्च करता येईल. केबिनमध्ये पाच मिनिटे बसले, तर तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक समजते.

पण ही सावधगिरी म्हणजे उत्तर नव्हे. आठवीतल्या मुलीने सायकलवरून शाळेत जाताना वीस टनी वाहनाच्या वळणाचा हिशेब करावा, ही अपेक्षा कोणत्याही शहराने करू नये. धोका ज्या वाहनामुळे निर्माण होतो, ते वाहन चालवून ज्याला नफा होतो आणि ज्याच्या परवानगीने ते रस्त्यावर येते, त्यांच्याकडे जबाबदारीचा मोठा वाटा जायला हवा. लंडनने २०४१ पर्यंत रस्त्यांवरील मृत्यू आणि गंभीर इजा शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या महापालिकांनी निदान पुढच्या निविदेत साइड गार्डची एक ओळ घालावी आणि ती पाळली जाते का, हे गेटवर उभे राहून तपासावे. सुरुवात एवढ्यावरही होऊ शकते.